नव्या कॉम्प्युटरमधली जागा रोज पाच जीबीनं कमी होतेय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

दादा, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं सगळं त्याला धरून राहील. तुमचं झेरॉक्स, कलर प्रिंट आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. महिन्याभरापूर्वी नवा असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला, २५६ जीबीचा एसएसडी, १६ जीबी रॅम, विंडोज ११. आणला तेव्हा सी ड्राइव्हला १८० जीबीच्या आसपास मोकळी जागा होती, आता पट्टी लाल झालीये आणि जेमतेम चार जीबी उरलेत. रोज संध्याकाळी बघितलं की पाच-सहा जीबी कमी. सी उघडून सगळे फोल्डर सिलेक्ट केले, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितली, तर बेरीज येतेय फक्त ९२ जीबी. रिसायकल बिन रिकामा केला, टेम्प उडवलं, थोडी जागा आली आणि दोन दिवसांत परत गेली. ज्यानं मशीन दिलं तो म्हणतो व्हायरस आहे, आणा, फॉरमॅट मारून देतो. शेजारचा मोबाईलवाला म्हणतो एसएसडी डुप्लिकेट लावलाय.

दोघांचंही आत्ता ऐकू नका. आणि एक काम करा, जागा कोण खातंय ते कळेपर्यंत काहीही डिलीट करणं थांबवा. जागा भरली की माणूस पहिल्यांदा साफसफाईला लागतो, ते साहजिक आहे, पण ड्राइव्ह भरलेली असणं वेगळं आणि ड्राइव्ह रोज भरत जाणं वेगळं. भरलेली असेल तर साफसफाई हा उपाय आहे. रोज भरत असेल तर कोण भरतंय ते आधी धरायचं, कारण तुम्ही पुसत राहिलात की तो तिकडून लिहितच राहणार आणि तुम्ही आपले रोज संध्याकाळी टेम्प साफ करत बसणार. तुमची केस दुसऱ्या प्रकारातली आहे हे तुमच्याच आकड्यांवरून दिसतंय.

किरकोळ हिशेब आधी संपवून टाकू. २५६ जीबीच्या ड्राइव्हला विंडोज २३८ दाखवतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, तेवढाच फरक, यात कुणी काही चोरलेलं नाही. आता २३८ मधले ४ मोकळे म्हणजे २३४ भरलेले, त्यातले तुम्हाला दिसतायत ९२. उरले १४२ जीबी. हे १४२ जीबीच आपलं गिऱ्हाईक.

प्रॉपर्टीजमध्ये हे दिसत का नाहीत, तर ज्या फोल्डरला तुमच्या लॉगिनला परवानगी नाही तो फोल्डर एक्सप्लोरर, म्हणजे विंडोजची फोल्डर दाखवणारी खिडकी, गुपचूप शून्य धरतो. एरर नाही, सूचना नाही, काही नाही, बेरजेत फक्त कमी येतं. शिवाय सी च्या तोंडाशीच ज्या लपवलेल्या सिस्टम फाइली असतात त्या सिलेक्ट ऑलमध्ये येतच नाहीत. आणि गंमत म्हणजे विंडोज फोल्डरच्या आतला विनएसएक्सएस नावाचा फोल्डर उलट जास्त मोजला जातो, कारण त्यातल्या बऱ्याच फाइली म्हणजे एकाच फाइलची दोन-दोन ठिकाणी लावलेली नावं असतात, जागा एकाचीच खातात पण मोजताना दोनदा येतात. म्हणजे तुमचे ९२ सुद्धा थोडे फुगलेलेच असणार, खरा फरक १४२ पेक्षा जास्तच निघेल.

आता माझा संशय सांगतो. झेरॉक्सचं दुकान, रोज सारख्याच प्रमाणात जागा जाणं, आणि ती जागा एक्सप्लोररला न दिसणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मी सगळ्यात आधी प्रिंटरचा स्पूल फोल्डर बघतो. लोक व्हायरस बघतात, विंडोज अपडेट बघतात, व्हॉट्सॲप बघतात, प्रिंटरकडे कुणाचं लक्षच जात नाही कारण प्रिंटर काय जागा खाणार असं वाटतं.

तुम्ही प्रिंट दिली की ती थेट प्रिंटरकडे जात नाही. विंडोज आधी ती एका फाइलीत लिहून ठेवतं आणि मग तिथून प्रिंटरला पाठवतं, म्हणून तर प्रिंट निघत असताना तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाचा फॉर्म भरू शकता. या फाइली सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमध्ये पडतात. प्रत्येक प्रिंटच्या दोन फाइली, एक एसपीएल आणि एक एसएचडी. एसएचडी चिमुकली असते, तिच्यात कोणाची प्रिंट, किती कॉपी, कोणता कागद एवढीच माहिती. खरा माल एसपीएलमध्ये. प्रिंट निघाली की दोन्ही फाइली आपोआप पुसल्या जातात, म्हणून एरवी हा फोल्डर रिकामाच असतो.

पण प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड नावाचा टॅब आहे आणि त्यात खालच्या बाजूला 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स' अशी एक टिक आहे. ती लागलेली असेल तर प्रिंट निघून गेल्यावरही फाइल तिथंच राहते. ही टिक दुकानांमध्ये हमखास लावलेली सापडते, कधी मशीन लावून देणाऱ्यानं तर कधी कामाला असलेल्या पोरानं, कारण सोय आहे ना, गिऱ्हाईक दहा मिनिटांनी परत आलं आणि म्हणालं अजून दोन कॉपी द्या, की फाइल शोधायची गरज नाही, रांगेत जाऊन त्याच कामावर रीस्टार्ट मारलं की झालं. सोय खरीच आहे. फक्त ती रोज किती जागा खाते हे कुणी सांगत नाही.

किती खाते ते बघा. ए४ कागद कलरमध्ये ६०० डीपीआयला, एका इंचात ६०० ठिपके, म्हणजे उभे-आडवे मिळून साधारण साडेतीन कोटी ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. झाले १०० एमबीच्या वर, एका पानाचे. प्रत्येक ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, असा कच्चा माल ठेवत नाही, बरेच जण दाबून लहान करतात, आणि नुसत्या मजकुराचं पान तर फारच लहान जातं. पण स्कॅन केलेली पीडीएफ, पासपोर्ट फोटोची शीट, लग्नपत्रिका, आधार कार्डाची कलर प्रिंट, हे सगळं चित्र म्हणून जातं. गिऱ्हाइकानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली दोन एमबीची पीडीएफ स्पूलमध्ये सहज ऐंशी-शंभर एमबीची होऊन बसते, कारण पीडीएफमध्ये चित्र दाबून ठेवलेलं असतं आणि प्रिंटरला ते उलगडून द्यावं लागतं. दिवसाला अशी पन्नास-साठ कलर पानं निघाली की पाच-सहा जीबी. तुमचा रोजचा आकडा हाच आहे ना?

आता तपासा. एक रुपयाचं सॉफ्टवेअर लागणार नाही. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तुमचा प्रिंटर निवडा आणि ओपन प्रिंट क्यू दाबा. दुकान चालू नसताना ही रांग रिकामी दिसायला हवी. तिथं जर मागच्या आठवड्यातली, मागच्या महिन्यातली कामं खाली खाली खाली स्क्रोल होत असतील आणि त्यांच्यापुढे स्टेटसमध्ये प्रिंटेड असं लिहिलेलं असेल, तर चोर तिथंच सापडला. मी बघितलेल्या अशा एका मशीनवर ती यादी उघडायलाच मिनिटभर लागलं होतं, आणि त्यात एकाच बाईंच्या रेशन कार्डाची प्रिंट सहा वेळा, कारण पहिल्या पाच वेळी कागद अडकला होता.

रांग बघून समाधान झालं नाही तर फोल्डरच उघडा. वर सांगितलेल्या वाटेनं स्पूलपर्यंत जा आणि प्रिंटर्सवर डबल क्लिक करा, विंडोज म्हणेल तुम्हाला परवानगी नाही, कंटिन्यू करायचं का, करा. आत ओळीनं नुसत्या आकड्यांची नावं असलेल्या फाइली दिसतील. कंट्रोल ए मारा आणि प्रॉपर्टीज बघा. शंभर जीबीच्या आसपास आकडा आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. तुमच्याकडे दोन-तीन प्रिंटर असतील तर सगळ्यांच्या फाइली याच एका फोल्डरात येतात, त्यामुळे टिक मात्र प्रत्येक प्रिंटरची वेगवेगळी तपासावी लागेल.

सापडलं तर दुरुस्ती अशी. हे दुकान बंद केल्यावरच करा, मधे प्रिंटिंग थांबतं. आधी प्रत्येक प्रिंटरच्या प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ॲडव्हान्स्ड टॅबमधली ती टिक काढा आणि अप्लाय करा. लक्षात घ्या, प्रिंटर प्रॉपर्टीज वेगळं आणि प्रिंटिंग प्रेफरन्सेस वेगळं, प्रेफरन्सेसमध्ये कागदाचा आकार आणि क्वालिटी असते, तिथं ही टिक सापडणार नाही आणि तुम्ही उगाच शोधत बसाल. मग स्टार्टमध्ये सर्व्हिसेस टाइप करून ती खिडकी उघडा, प्रिंट स्पूलर शोधा, राइट क्लिक करून स्टॉप करा. आता प्रिंटर्स फोल्डरमधल्या फाइली शिफ्ट डिलीट करा. शिफ्ट धरूनच, नाहीतर त्या रिसायकल बिनमध्ये जातील आणि जागा मोकळी झालीच नाही म्हणून तुम्ही परत मला विचाराल. फाइलीच पुसायच्या, प्रिंटर्स हा फोल्डर तसाच ठेवायचा, आणि शेजारी ड्रायव्हर्स नावाचा फोल्डर आहे त्याला अजिबात हात लावायचा नाही. झालं की स्पूलर परत स्टार्ट करा आणि एक साधी प्रिंट काढून बघा.

पोरगं म्हणेल रीप्रिंटची सोय गेली. तर डेस्कटॉपवर आजची कामं असा एक फोल्डर करा, आलेली पीडीएफ त्यात टाकून तिथून प्रिंट द्यायची, आणि शटर ओढताना तो फोल्डर रिकामा करायचा. दोन एमबीची फाइल दोन एमबीच राहते. तरीही टिक हवीच असेल आणि मशीनला दुसरी मोठी हार्ड डिस्क असेल, तर प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये स्पूल फोल्डरची जागा बदलता येते, डी ड्राइव्हवर न्या. मला स्वतःला हे आवडत नाही, कारण जागा वाचते पण दुसरी गोष्ट तशीच राहते, आणि ती दुसरी गोष्ट जागेपेक्षा मोठी आहे.

ती अशी की त्या फोल्डरमध्ये महिन्याभरातल्या तुमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं आधार, पॅन, बँक पासबुक, सातबारा, जातीचा दाखला, सगळं पडलेलं आहे. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तुम्ही पासवर्ड टाकून ती उघडली आणि प्रिंट दिली की स्पूलमध्ये तोच कागद बिनपासवर्डाचा जातो. एसपीएल फाइल उघडून बघणारे व्ह्यूअर मिळतात, अवघड काही नाही. आता विचार करा, हे मशीन तसंच्या तसं फॉरमॅटला त्या माणसाकडे गेलं असतं तर काय काय त्याच्या हातात गेलं असतं. म्हणून मशीन कुणाच्याही ताब्यात द्यायच्या आधी हा फोल्डर, डाउनलोड्स आणि व्हॉट्सॲप एवढं तरी रिकामं करत चला.

बरं, समजा स्पूल रिकामा निघाला. होऊ शकतं, मी लांबून बोलतोय. मग मोजणीचं हत्यार लागेल. विनडिरस्टॅट घ्या, ते पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स आहे, नवी आवृत्ती जुनीपेक्षा बरीच वेगवान झालीये. विझट्री त्याहून झटपट आहे, विंडोजनं ड्राइव्हवर ठेवलेली फाइलींची मुख्य यादी थेट वाचतं म्हणून काही सेकंदांत काम होतं, पण ते घरगुती वापरालाच मोफत आहे, दुकानाला लायसन लागतं. जे घ्याल ते त्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, ती हिरवी मोठ्ठी डाउनलोडची बटणं असलेल्या पानांवरून नको, तिथून आणलेल्या सेटअपबरोबर चार नको ते पाहुणे येतात. आणि उघडताना राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटरच करा, नाहीतर एक्सप्लोररसारखंच तेही बंद फोल्डर सोडून देईल आणि आपण होतो तिथंच.

सकाळी दुकान उघडल्यावर एकदा चालवा, सगळ्यात मोठे फोल्डर वर येतील, मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढा. रात्री बंद करताना परत चालवा, परत फोटो. दोन फोटो शेजारी ठेवले की ज्याचा आकडा वाढलाय तो तुमचा माणूस. कोण मोठा आहे यापेक्षा कोण वाढतोय ते बघायचं, विंडोज फोल्डर तीस जीबीचा असला तरी सकाळ-संध्याकाळ तीसच असेल तर त्याला सोडून द्या.

आत्ताच्या आत्ता बघायचं असेल तर रिसोर्स मॉनिटर उघडा, स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की येतं. डिस्क टॅबमध्ये डिस्क ॲक्टिव्हिटी उलगडा आणि राइटच्या खान्यावर क्लिक करा म्हणजे सगळ्यात जास्त लिहिणारा वर येईल. आता एक कलर फोटोशीट प्रिंटला सोडा आणि बघत बसा, स्पूलएसव्ही नावाचा प्रोग्रॅम वर उसळी मारेल आणि शेजारी फाइलीचा पूर्ण पत्ता दिसेल. प्रिंट निघाल्यावर ती फाइल प्रिंटर्स फोल्डरमधून गेली की राहिली, एवढं बघितलं तरी निकाल लागतो. प्रिंट न देताच कुणी दुसरा सतत लिहीत असेल तर त्याचंही नाव-गाव तिथंच मिळेल.

दुसरा संशयित म्हणजे सिस्टम रिस्टोअर, बिघाड झाला तर विंडोज मागच्या स्थितीत न्यायची सोय. याचा साठा सिस्टम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशन नावाच्या फोल्डरमध्ये असतो आणि तो ॲडमिनिस्ट्रेटरलासुद्धा सहजी उघडत नाही. स्टार्टमध्ये क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट टाइप करा, सिस्टम प्रोटेक्शनच्या टॅबमध्ये सी निवडून कॉन्फिगर दाबा, तिथं मॅक्स युसेजची पट्टी आहे आणि आत्ता किती वापरलंय तेही लिहिलेलं असतं. काही जण मशीन लावताना ही पट्टी शेवटपर्यंत ओढून ठेवतात, जास्त सेफ म्हणून. तुमच्या ड्राइव्हला पाच टक्के म्हणजे बारा जीबी भरपूर झाले. कमाल मर्यादा खाली आणली की जुने पॉइंट आपोआप जातात.

व्हॉट्सॲप डेस्कटॉप हा दुकानांमधला तिसरा. दिवसभर लोक कागद पाठवतात आणि त्यासोबत गुड मॉर्निंगचे व्हिडिओ, तुम्ही ज्या ज्या ग्रुपमध्ये आहात त्या सगळ्यांचे, आणि मीडिया ऑटो डाउनलोड चालू असेल तर तो सगळा माल युजरच्या ॲपडेटा, लोकल, पॅकेजेसमध्ये साठतो. सेटिंग्जमध्ये जाऊन फोटो, व्हिडिओ, डॉक्युमेंटचं ऑटो डाउनलोड बंद करा, लागेल ते क्लिक करून घ्या. ॲपडेटा लपवलेला फोल्डर आहे, पण तुमच्याच नावाखाली आहे, त्यामुळे हा तुमच्या ९२ मध्ये मोजला गेलेला असणार. म्हणजे न दिसणाऱ्या १४२ चं उत्तर हा नाही, पण जागा खातच असेल.

वनड्राइव्हचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीचं, एक वेगळंच. विंडोज ११ लावताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं असेल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे तिन्ही वनड्राइव्हच्या फोल्डरात हलवायचं ते विचारतं आणि आपण पुढे-पुढे करत हो म्हणून जातो. घरच्या लॅपटॉपवर तेच अकाउंट असेल तर तिकडचा माल इकडे दिसायला लागतो. जागा करायची म्हणून इथून डिलीट केलं तर तिकडूनही जाईल, हे डोक्यात पक्कं ठेवा. फोल्डरवर राइट क्लिक करून फ्री अप स्पेस दाबलं तर फाइल क्लाउडवर राहते आणि इथली जागा सुटते, करायचं तर ते करा. नाहीतर मोफतमध्ये पाचच जीबी मिळतात, दुकानाच्या मशीनला तो अनलिंक केलेला बरा.

लपलेल्या फाइलींपैकी दोन बड्या आहेत, हायबरफिल आणि पेजफाइल. हायबरनेट करताना रॅममधला माल हायबरफिलमध्ये लिहिला जातो, आणि रॅम कमी पडली की विंडोज पेजफाइल वापरतं. हायबरफिल साधारण रॅमच्या चाळीस टक्के घेते, तुमच्या १६ जीबीला सहा-साडेसहा जीबी. ती वाढत नाही, पहिल्या दिवसापासून तेवढीच असते, पण डेस्कटॉपला तिचा फारसा उपयोगही नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ एवढं मारलं की ती जाते. सोबत फास्ट स्टार्टअपही बंद होतं, म्हणजे मशीन चालू व्हायला थोडा वेळ जास्त, पण शटडाउन केल्यावर ते खरोखर शटडाउन होतं, आणि प्रिंटर-स्कॅनरच्या निम्म्या कटकटी त्यानंच मिटतात असं माझं मत आहे. पेजफाइलला मात्र हात लावू नका. यूट्यूबवर कुणीतरी सांगतं बंद करा म्हणून, आणि मग क्रोममध्ये चार पोर्टल उघडल्यावर फॉर्म भरता भरता टॅब क्रॅश होतो.

मशीन मधेच निळी स्क्रीन दाखवून बंद पडत असेल तर विंडोज फोल्डरमधली मेमरी डॉट डीएमपी ही फाइलही बघा, बंद पडतानाची माहिती तिच्यात लिहिली जाते आणि ती बरीच मोठी असू शकते. ती पुसली तरी चालतं, पण निळी स्क्रीन का येतेय हा वेगळा प्रश्न झाला. विंडोज डॉट ओल्ड दिसला तर जुन्यावरून नवीन विंडोजवर अपग्रेड झालंय एवढाच अर्थ, तो दहा दिवसांनी आपला आपण जातो.

ज्याला हात लावायचाच नाही ते म्हणजे विनएसएक्सएस आणि विंडोजमधला इन्स्टॉलर फोल्डर. दोन्ही मोठे दिसतात, दोन्ही पुसायचा मोह होतो, आणि दोन्हींपैकी काहीही हातानं पुसलं की नंतर अपडेट बसत नाही, प्रोग्रॅम काढता येत नाही. साफच करायचं तर सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथून करा, विंडोज स्वतः काय काढता येतं ते जाणतं. तिथंही यादीत डाउनलोड्सवर टिक आहे का ते बघूनच रिमूव्ह दाबा, त्यात लोकांचे फॉर्मच्या पावत्यांचे गठ्ठे गेलेत. आणि विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती असेल आणि अपडेट क्लीनअपसमोर आठ-साडेआठ जीबी दाखवत असेल आणि कितीही वेळा साफ केलं तरी तो आकडा हलत नसेल तर डोकं धरून बसू नका, २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनंच सांगितलं होतं की तो दाखवण्यातला घोळ आहे, जागा तेवढी अडकलेली नसते.

आता त्या दोघांचं. डुप्लिकेट एसएसडी असा भरत नाही. बनावट ड्राइव्हचं लक्षण असं की त्यावर जेवढं लिहिलंय तेवढं खोटं असतं, खरी जागा संपली की पुढच्या फाइली गळपटतात, उघडत नाहीत, जुन्यावर लिहिलं जातं. तुमच्या फाइली नीट उघडतायत, विंडोज नीट चालतंय, म्हणजे त्या बिचाऱ्या एसएसडीला दोष नको. व्हायरसचं म्हणाल तर बहुतेक व्हायरसला तुमची जागा भरण्यात काही रस नसतो, त्यांना गुपचूप राहायचं असतं. तरी मनाची शांती म्हणून विंडोज सिक्युरिटीमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन आहे, रात्री लावून जा. हां, पण मशीनवर विंडोज किंवा ऑफिस चोरीचं ॲक्टिव्हेट करून दिलेलं असेल तर मात्र मी काही हमी देणार नाही, त्या ॲक्टिव्हेटरबरोबर काय काय येतं ते तो बनवणाराच जाणे.

फॉरमॅटनं काय होईल तर जागा एकदम मोकळी दिसेल, मशीन देणारा पैसे घेईल, तुम्ही दोन दिवस प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, बायोमेट्रिकचे ड्रायव्हर परत लावण्यात घालवाल, आणि पोरगं सोयीसाठी ती टिक परत लावेल.

स्पूलची ती तपासणी, आणि सापडलं तर वर सांगितलेली दुरुस्ती, आज रात्रीच करा, कारण चार जीबी म्हणजे अगदी काठावर आलंय. ड्राइव्ह पूर्ण भरली की स्पूलला लिहायला जागा मिळत नाही, मग मोठी प्रिंट पाठवली की ती निघतच नाही किंवा अर्ध्यात थांबते आणि माणसाला वाटतं प्रिंटर बिघडला. तुमच्याकडे हे सुरू झालं असेल तर तेही माझ्या संशयाच्या बाजूनंच आहे. पुढेही २५६ च्या ड्राइव्हला तीसेक जीबी मोकळे राहतील असं बघा, विंडोजच्या मोठ्या अपडेटलाही जागा लागते आणि एसएसडी गच्च भरला की त्याचा लिहिण्याचा वेगही पडतो.

हे सगळं करूनही परवा संध्याकाळी आकडा घसरलेलाच असेल तर मला सकाळ-संध्याकाळचे ते दोन फोटो पाठवा. सोबत कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हीएसएसॲडमिन, स्पेस, लिस्ट, स्पेस, शॅडोस्टोरेज ही कमांड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून मारून त्याचं जे काय उत्तर येईल तेही, आणि प्रिंटरचं मॉडेल काय ते लिहा. काही ड्रायव्हर स्वतःची वेगळी प्रिंट हिस्टरी आपल्याच फोल्डरमध्ये ठेवतात आणि तिला विंडोजची ती टिक लागू पडत नाही, त्यामुळे मॉडेल कळल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.